एथिक्स कमिटीतली इंटर्नशिप: शिकायला भरपूर, फक्त वकील हजर हवेत

नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाची एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासून परवानगी देणारी समिती, विद्यार्थ्यांना सहा आठवड्यांची इंटर्नशिप देते. पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या करारावर सही, मग थेट संशोधन प्रस्तावांच्या फायली. बैठकीत बसता येतं, मत देता येत नाही. ते योग्यच.

खरं शिक्षण संमतीपत्रात, म्हणजे संशोधनात भाग घेण्याआधी पेशंट सही करतो त्या कागदात. इंग्रजी मसुदा आवृत्ती ३ आणि मराठी अजून २ वरच, ही चूक हमखास सापडते. म्हणून आधी आवृत्ती आणि तारीख ताडायची, मग मजकूर. आणि ते मराठी! 'यादृच्छिक विभागणी' छापलेलं सुरगाण्याहून आलेल्या पेशंटला काय कळणार? 'कोणत्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल', असं लिहायला इथे शिकवतात. अंगठा असेल तर निःपक्ष साक्षीदाराची सही लागते; संशोधकाच्याच टीममधल्या सिस्टर चालत नाहीत. सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही हवा, नुसती आईवडिलांची सही पुरत नाही.

उणी बाजू गणसंख्येची. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे बैठकीला किमान ५ सदस्य हवेत, त्यात कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिकही. वकीलसाहेब कोर्टात अडकले की बैठक रद्द, आणि इंटर्नचा आठवडा झेरॉक्स काढण्यात जातो. स्टायपेंड शून्य.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं घरूनच वाचून जा. रुजू व्हायचं ते बैठकीच्या दहा-बारा दिवस आधी. नव्या फायली तेव्हाच टेबलावर येतात.