कंट्रोल झेड नसलेलं पीडीएफ सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर

नाव घेत नाही, पण पीडीएफ दुरुस्त करायची म्हटली की जे महागडं सॉफ्टवेअर पहिलं आठवतं तेच. फीचर्स सगळ्यांना माहितीयेत, ते परत टाइप करत बसत नाही. मी ठाण्यात चरईला घरूनच डीटीपी करते, सोसायट्यांची पत्रकं, ट्रस्टचे अहवाल, स्मरणिका असलं काम. याचा महिन्याचा जो हप्ता जातो त्यात आमच्या ब्रॉडबँडचं बिल दोनदा भरून होईल, त्यामुळे जरा चिडून लिहिलंय, सांभाळून घ्या.

मुळात घेतलं ते तळमजल्यावरच्या काकांमुळे. ग्लूकोमामुळे त्यांची नजर गेली, लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून सगळं ऐकतात. कोजागिरीला मी सोसायटीचं पत्रक पाठवलं होतं, डावीकडे नुकत्याच गेलेल्या एका आजींना श्रद्धांजली आणि उजवीकडे चौकटीत कार्यक्रम. दहा मिनिटांत काकांचा फोन. "अगं, ईश्वर मृतात्म्यास मसाला दूध रात्री साडेनऊ गच्चीवर चिरशांती देवो, हे काय छापलंयस?" आधी हसले, मग लाज वाटली. आपल्याला दोन कॉलम दिसतात पण त्या फाइलमध्ये टॅगच नव्हते, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग बिचारं सॉफ्टवेअर अंदाजाने आडवं वाचत सुटलं.

त्याच सुमारास एका ट्रस्टने अहवाल ॲक्सेसिबल, म्हणजे न दिसणाऱ्यांनाही नीट ऐकता येईल असा, पाहिजे म्हणून सांगितलं, म्हणून भरले पैसे. पहिले दोन महिने खूश होते. ऑटोटॅग दाबलं की साधं पत्र, नोटीस, एक कॉलमचा मजकूर बऱ्यापैकी लागतो. वैताग सुरू झाला तो रीडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे वाचायचा क्रम लावताना. प्रत्येक तुकड्यावर नंबर येतात, ते ओढून वरखाली करायचे. चौकट १२ वरून १५ वर नेली की मधले सगळे नंबर बदलतात, आणि चुकलं तर कंट्रोल झेड दाबायचं आणि काहीच होत नाही. माझ्या व्हर्जनमध्ये या बदलांना अनडूच नाही! फाइल आधी सेव्ह करा, चुकलं तर न सेव्ह करता बंद करा आणि पुन्हा पहिल्यापासून. साध्या नोटपॅडला जे जमतं ते याला जमत नाही आणि आपण दर महिन्याला पैसे मोजायचे.

गेल्या आठवड्यात कहर झाला. ६४ पानी अहवाल, रात्री दीड वाजता पान ३८ वर फिकट पिवळ्या चौकटीतला मजकूर मी वर ओढला आणि मजकूर गायब. चौकट आहे, रंग आहे, अक्षर नाही. आणि मी सवयीने सेव्ह करून बसलेले. सपोर्टला चॅट केला तर तासभर थांबवून म्हणे अनइन्स्टॉल करून परत टाका. मी विचारलं, त्याने मजकूर परत येईल का? तर म्हणे आणखी काही मदत हवी आहे का. लगेहात दुसरं पण विचारलं, की यातल्या चेकरमध्ये, म्हणजे फाइल ॲक्सेसिबल आहे का ते तपासणाऱ्या यादीत, लॉजिकल रीडिंग ऑर्डरच्या पुढे कायम प्रश्नचिन्ह का राहतं, मी एवढं करूनही. त्यावर त्यांनी मला एक लिंक दिली जी मी आधीच वाचली होती. एक स्टार देणार होते.

इथपर्यंत शनिवारी लिहून ठेवलं होतं. आता थोडं मागे घ्यावं लागतंय.

रविवारी शांतपणे बसले तेव्हा कळलं की मी आठ महिने चुकीच्या पॅनलमध्ये ओढाओढ करत होते. पीडीएफमध्ये क्रम एक नसतोच. एक असतो कंटेंटचा, म्हणजे पानावर कुठली गोष्ट आधी रंगवायची आणि कुठली तिच्यावर. दुसरा टॅगच्या झाडाचा, म्हणजे काय आधी वाचायचं आणि काय नंतर. तिसरा फॉर्ममध्ये टॅब दाबल्यावर कर्सर कुठे जाईल त्याचा. एनव्हीडीए टॅगचं झाड वाचतं. मी ते नंबर ओढत होते ते कंटेंटचे, म्हणून मजकूर आधी रंगला गेला, त्यावर पिवळी चौकट बसली आणि अक्षरं तिच्याखाली गेली. चौकट ओढून परत मजकुराच्या आधी नेली, पान ३८ जसंच्या तसं. म्हणजे मजकूर गेला नव्हता, मीच झाकून ठेवला होता. टॅगच्या पॅनलमध्ये कितीही वरखाली करा, पानाच्या दिसण्याला धक्का लागत नाही. हे त्या पॅनलवर एका ओळीत लिहायला काय जात होतं? आणि माझी चूक असली तरी कंट्रोल झेड पाहिजेच, त्यावर मी ठाम आहे.

प्रश्नचिन्हाचं पण कळलं. ते जाणारच नाही, कारण क्रम तांत्रिकदृष्ट्या आहे की नाही हे मशीनला कळतं, श्रद्धांजलीच्या पोटात मसाला दूध आलं हे नाही कळत. ते माणसाने तपासायचं आणि राइट क्लिक करून पास म्हणायचं. डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, याला मीनिंगफुल सिक्वेन्स म्हणतात, १.३.२, लेव्हल ए म्हणजे अगदी तळाची पायरी.

तपासायचं कसं ते काकांनी दाखवलं, फुकटात. एनव्हीडीएच्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, ते जे बोलतं ते एका खिडकीत लिहून येतं. डाउन ॲरो दाबत जायचं आणि चहा पीत वाचायचं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये हे सुरू केलं आणि आजही एक रुपया लागत नाही. शिवाय पॅक नावाचा चेकर आहे, विंडोजवर चालतो, तोही फुकट.

आणि खरं सांगू का, निम्मं काम वर्डमध्येच मिटतं. तरंगता टेक्स्ट बॉक्स टाकायचा नाही, टाकला तर इन लाइन विथ टेक्स्ट करायचा. कॉलम पाहिजेत तर लेआउटमधले कॉलम, स्पेसबार आणि टॅब मारून केलेले नाहीत (आमच्या सेक्रेटरींना हे कोण सांगणार). शेवटी प्रिंट टू पीडीएफ चुकूनही नाही, त्याने टॅग उडतात, सेव्ह ॲजमधून पीडीएफ करायची आणि ऑप्शन्समध्ये स्ट्रक्चर टॅग्जची टिक बघायची. कोजागिरीचं पत्रक असं नव्याने केलं, या सॉफ्टवेअरला हातही न लावता, आणि बरोबर वाचलं गेलं. ते बघून हप्त्याचं दुःख जास्तच झालं.

मग ते ठेवलंय कशाला? वेलांटीसाठी. आपली पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते पण टाइप होते अक्षरानंतर. काही पीडीएफमध्ये ती दिसते त्या जागीच जाऊन बसते, मग कॉपी केलं की 'किती' चं 'िकती' होतं आणि काकांच्या कानात नुसता कचरा. ओळींचा क्रम सोडा, इथे अक्षराच्या आतलाच क्रम फिरलेला. टॅगच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲक्च्युअल टेक्स्ट म्हणून एक जागा आहे, तिथे बरोबर शब्द लिहिला की तोच वाचला जातो. शीर्षकं आणि नावं मी अशी एकेक हाताने दुरुस्त केली, आणि हे मला दुसरीकडे फुकट करता आलेलं नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या (दिसतं मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं) स्मरणिका मात्र विसरा, त्या सरळ पुन्हा टाइप करायला सांगते आणि पानामागे वेगळे पैसे लावते.

तीन स्टार. दोन वेलांटीचे, एक पान ३८ परत मिळालं म्हणून. ऑक्टोबरला वर्ष संपतंय, मध्ये सोडलं तर दंड आहे म्हणून तोपर्यंत वापरणार. हातात असलेले तीन अहवाल त्याआधी उरकायचेत. काल काकांना ६४ पानी फाइल पाठवली, ते म्हणाले, "छान लागलंय गं सगळं, फक्त पान ५१ वर खजिनदारांचं मनोगत दोनदा येतंय." बघितलं तर वर्डमध्येच दोनदा होतं.