खाज की वास? योनीमार्गाच्या संसर्गावरची औषधं शेजारी शेजारी ठेवून

‘अंगावरून पांढरं जातंय, खाज येते’ एवढं सांगितलं की मेडिकलमधून बहुतेक वेळा चारपैकी एक गोष्ट हातात पडते: फ्लुकोनाझोल १५०ची एक गोळी, क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या, क्लिंडामायसिन आणि क्लोट्रिमाझोल एकत्र असलेल्या मऊ कॅप्सूल, नाहीतर तीन औषधांचं किट. चारही औषधं खरी आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कुठलं घ्यायचं हे त्रास नेमका कशाचा आहे यावर ठरतं.

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, तार धरणारा, वास नसलेला स्राव जातो. त्याला औषध लागत नाही.

खाज आणि आग जास्त, स्राव फाटलेल्या दुधासारखा घट्ट, वास जवळजवळ नाही, असं असेल तर बहुधा कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. खाज कमी, स्राव पातळ आणि करडट, आणि मासळीसारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात आणि दुसरे माजतात. दिवसभर पापलेट-बांगडे हाताळणाऱ्या बाईला हा वास कपड्यांचाच वाटण्याची शक्यता असते. पण आंघोळीनंतरही येत असेल, संबंधानंतर वाढत असेल, तर तो कपड्यांचा नाही. वीर्य अल्कधर्मी असल्यामुळे तेव्हा तो जास्त जाणवतो. तिसरा प्रकार ट्रायकोमोनास, हा एक सूक्ष्म परजीवी. पिवळट-हिरवट, फेसाळ स्राव, आग, लघवीला जळजळ. हा संबंधातून पसरतो, आणि बऱ्याच जणींना (आणि त्याहून जास्त पुरुषांना) काहीच लक्षण नसतं.

लक्षणांवरून बांधलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. दवाखान्यात पीएचची (आम्लता मोजणारी) पट्टी आणि स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काही मिनिटांत उलगडा होतो. बुरशीत पीएच सहसा ४.५ किंवा त्याखाली राहतो, बाकी दोन्हींत वर जातो. पहिल्यांदाच त्रास होत असेल तर तपासूनच घ्या. ही सगळी औषधं तशीही चिठ्ठीवरच द्यायची आहेत.

बुरशी: तोंडाने की योनीतून?

साध्या, अधूनमधून होणाऱ्या बुरशीत दोन्ही मार्गांचा गुण जवळपास सारखा. फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम एकदाच घ्यायची, पाळी चालू असली तरी चालते. एकत्र कुटुंबात, मागीलदारच्या मोरीत सहा रात्री गोळी ठेवायचा खटाटोप जिला जमणार नाही, तिच्यासाठी हीच सोयीची. अडचण दोन ठिकाणी. गरोदरपणात ती घ्यायची नाही. आणि हृदयाची झडप बदललेल्यांना वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर रक्त जास्त पातळ होतं. वासाच्या त्रासावर पुढे येणाऱ्या मेट्रोनिडाझोलचंही तसंच, म्हणून वॉरफेरिन चालू असल्याचं आधी सांगा.

क्लोट्रिमाझोल तीन मापांत मिळतं: ५०० मिलिग्रॅम एक रात्र, २०० मिलिग्रॅम तीन रात्री, १०० मिलिग्रॅम सहा रात्री. साध्या त्रासात तिन्ही चालतात. गरोदर बाईला मात्र १००चा लांबचा कोर्सच द्यायचा, सहा ते सात रात्री, आणि अॅप्लिकेटर न वापरता बोटाने.

ठेवायची पद्धत अशी. झोपायच्या आधी हात धुवा. गोळी क्षणभर पाण्यात बुडवा, कोरडी असली तर नीट विरघळत नाही. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या आणि गोळी जाईल तितकी आत सरकवा. ठेवून लगेच कामाला उठलं तर ती अर्धवट बाहेर येते आणि ‘गुण नाही’ असं वाटतं. सकाळी खडूसारखा पांढरा चुरा पडला तर घाबरू नका. पाळी येण्यात असेल तर थांबा, औषध वाहून जातं. तेलकट मलमं आणि गोळ्यांनी निरोधाचं रबर कमजोर होतं, तेही लक्षात ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, डबा सावलीत कोरड्या जागी ठेवा.

खाज साधारण तीन दिवसांत उतरायला हवी. आठवडा झाला तरी तशीच असेल तर तेच औषध पुन्हा आणू नका. निदान चुकलं असण्याचीच शक्यता जास्त.

वास असेल तर

इथे फ्लुकोनाझोलचा काडीचा उपयोग नाही. मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. स्वस्त, पण तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, आणि वास गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या जातात. परत त्रास होण्याचं ते एक कारण. जेवणानंतर घेतली तर मळमळ बरीच कमी होते. पोट अगदीच नाजूक असेल तर मेट्रोनिडाझोलचं ०.७५ टक्क्याचं जेल पाच रात्री, किंवा क्लिंडामायसिनचं २ टक्क्यांचं क्रीम सात रात्री. वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास परत होतो. नवऱ्याला औषध द्यायची पद्धत पूर्वी नव्हती, पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दोघांनाही औषध दिल्यावर त्रास परतण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांशी हे बोलून घ्या.

ट्रायकोमोनास: एकटीने घेऊन भागत नाही

जेल इथे चालत नाही, कारण जंतू मूत्रमार्गात आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही असतो. तोंडाने मेट्रोनिडाझोल सात दिवस, आणि नवऱ्यालाही औषध. पुरुषाला सहसा २ ग्रॅम एकदाच, म्हणजे ४००च्या पाच गोळ्या. नवरा मुंबईला असेल तर त्याने तिथेच दाखवून डोस घ्यावा आणि गणपतीला येण्याआधी आठवडा तरी जाऊ द्यावा. नाहीतर हिचा कोर्स पूर्ण आणि सणात पुन्हा संसर्ग. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

एकत्र औषधं आणि किट

क्लिंडामायसिन १०० आणि क्लोट्रिमाझोल २०० असलेल्या कॅप्सूल तीन रात्री ठेवल्या की बुरशी आणि व्हजायनोसिस दोन्ही झाकतात. ट्रायकोमोनासला त्या हातही लावत नाहीत. आणि नुसती बुरशी असताना क्लिंडामायसिन घेणं म्हणजे चांगले जंतू मारून बुरशीला अंगण मोकळं करून देणं. दोन्ही संसर्ग खरंच एकत्र असतील तरच आमच्या मते त्या घ्याव्यात.

तीन औषधांच्या किटमध्ये फ्लुकोनाझोल, सेक्निडाझोल (मेट्रोनिडाझोलच्याच जातीचं) आणि अॅझिथ्रोमायसिन असतं. यातल्या अॅझिथ्रोमायसिनचं वरच्या तिन्ही आजारांत कामच नाही. सरकारी हिरवं किट (क्रमांक २) वेगळं: त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० एवढंच, आणि प्रयोगशाळा नसेल तिथे लक्षणं तपासून द्यायचं म्हणून ते आखलं आहे. ते फुकट मिळतं. सिव्हिलमध्ये ‘सुरक्षा क्लिनिक’ कुठे आहे ते विचारा.

स्टिरॉइड मिसळलेलं ‘खाजेचं मलम’ मात्र लावूच नका. पावसात ओल्या कपड्यांनी लावणी करून जांघेत गजकर्ण उठतं, त्यावर ते लावलं की दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. डेटॉलच्या पाण्याने आत धुणंही तसंच वाईट.

ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, फोड आले आहेत, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसतंय, तर यातलं काहीच स्वतः निवडायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. पाळी गेलेल्या बाईची खाज पुष्कळदा संसर्ग नसून कोरडेपणा असतो, त्याचं औषध वेगळं.

आणि बुरशी वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाली तर साखर तपासा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि बुरशीला खाद्य मिळतं. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अशा वारंवार त्रासाला एक गोळी पुरत नाही. दर तिसऱ्या दिवशी एक अशा १५०च्या तीन, आणि नंतर आठवड्याला एक, सहा महिने, हा नेहमीचा आराखडा. तो सुरू करण्याआधी स्रावाचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करून घ्या, कारण कॅन्डिडाच्या काही जातींवर फ्लुकोनाझोल चालतच नाही.