‘थ्रश मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्यांनी माझे ३०,८४९ रुपये खाल्ले

रक्कम आधीच सांगते. ४९९, मग ६,२००, मग ३,४००, मग ८,७५० आणि शेवटी १२,०००. एकूण ३०,८४९, आणि तेही ४१ दिवसांत. चोरी नाही, कार्ड हरवलं नाही, कुणी ओटीपी काढून घेतला नाही. प्रत्येक वेळी मी स्वतः पाठवले, बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

मी अडाणी नाही. असल्या प्रकारात पैसे घालवणाऱ्यांना मीही नावं ठेवलेली आहेत. पण ज्या बाईला थ्रश, म्हणजे बाळाच्या तोंडात आणि आईच्या निपलवर होणारा बुरशीचा संसर्ग, झालाय तिलाच माझी तेव्हाची अवस्था कळेल. बाळ तोंड लावायचं आणि निपलला निखारा टेकवल्यासारखी आग व्हायची. पाजून झाल्यावर आतून कळ निघायची ती थेट पाठीत. दिवसातून दहा-बारा वेळा हे सोसायचं. बाळ रडायला लागलं की मला आधी भीती वाटायची आणि मग त्या भीतीची लाज.

टाक्यांना संसर्ग झाला म्हणून मला अँटिबायोटिक्स दिली होती. त्यानंतर पाच आठवड्यांच्या बाळाच्या जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे चट्टे आले. मला आधी वाटलं दूध साचलंय. दूध असेल तर ओल्या फडक्याने पुसलं जातं. हे जात नव्हतं, आणि जरा जोर लावला तर खाली लालभडक दिसायचं. डॉक्टरांनी एक नजर टाकली, बुरशी आहे म्हणाले, बाळाला निस्टॅटिनचे थेंब लिहून दिले. आठवड्यात तोंड स्वच्छ झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा चट्टे. पुन्हा तेच थेंब. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला पाजताना काही त्रास होतोय का? बुरशी बाळाच्या तोंडातून आईच्या निपलवर आणि तिथून पुन्हा बाळाच्या तोंडात फिरत राहते, म्हणून दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात, हे मला फार उशिरा आणि फार पैसे घालवल्यावर कळलं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. संकोच करू नका.

जे डॉक्टरांनी विचारलं नाही ते ‘थ्रश मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्या एका ऑनलाइन खात्यावरच्या बाईने विचारलं, आणि मी तिथेच फसले. रात्री तीन वाजता मेसेज टाकला, दोन मिनिटांत उत्तर. ‘खूप आग होते ना गं? एकटीच जागी आहेस का?’ मी रडले. फोटोत पांढरा कोट, नावापुढे ‘लॅक्टेशन कन्सल्टंट’. आयबीसीएलसी ही स्तनपान सल्लागारांची खरी पात्रता असते, आणि ती कुणाकडे आहे हे एका सार्वजनिक नोंदयादीत नाव टाकून पाहता येतं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण त्या वेळी मला पात्रता नको होती, कुणीतरी बोलणारं हवं होतं.

सल्ल्याचे ४९९ भरले. तिने फोटो मागितले, बाळाच्या तोंडाचे आणि माझे. मी पाठवले. चेहरा नव्हता एवढंच. कुणालाही, कितीही डॉक्टरीण वाटली तरी, असे फोटो पाठवू नका.

मग ६,२०० चा किट आला. मलमाची पांढरी डबी, बाळासाठी जांभळे थेंब, माझ्यासाठी पावडर. डबीवर फक्त एक नाव चिकटवलेलं. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही. मी आठवडाभर ती डबी रोज हातात घेतली आणि उलटून पाहिली नाही. मलमाने तीन दिवस खरंच आराम पडला. मी आनंदाने लिहिलं, ‘तीन दिवसांत खूप फरक पडला, देवासारख्या भेटलात.’ हे वाक्य लक्षात ठेवा.

चौथ्या दिवसापासून आग दुप्पट, लाली सगळीकडे पसरली. त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर ती डबी पाहून स्टिरॉइड असण्याचा दाट संशय व्यक्त केला. स्टिरॉइडने जळजळ तात्पुरती दबते आणि खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. पण तेव्हा मला उत्तर मिळालं की हे चांगलं लक्षण आहे, बुरशी मरताना विष सोडते. त्रास कमी झाला तरी औषध लागू, वाढला तरी औषध लागू. असं कुणी म्हणालं की लगेच थांबा.

थेंबांचं मला सगळ्यात जास्त लागलंय. ते जेन्शन व्हायोलेट, म्हणजे बुरशीवर लावायचं जांभळं रंगद्रव्य, होतं. जुन्या काळी सर्रास वापरायचे, पण औषध तीव्र असलं किंवा जास्त दिवस दिलं तर तोंडात फोड येतात, आणि कर्करोगाच्या संभाव्य धोक्यामुळे कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्येच ते वापरू नका असं सांगितलंय. बाळाचे ओठ, हनुवटी, दुपटं, माझे गाऊन, सगळं जांभळं. तिसऱ्या दिवशी त्याच्या जिभेखाली फोड दिसला आणि त्याने पिणं सोडलं. जवळ घेतलं की तोंड फिरवायचं. दोन दिवस मी चमच्याने दूध घातलं, आणि तरीही तिलाच विचारत बसले.

मग ३,४०० ची ‘दूध तपासणी’. नमुना पाठवायचा नाही, फक्त बाटलीचा फोटो. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, ‘दुधात बुरशी तीव्र’. फोटोवरून दुधातली बुरशी कुणाला दिसते? तरी मी तो अहवाल नवऱ्याला दाखवला, बघ, म्हणाले नव्हते का! त्यात हुकूम होता की साठवलेलं सगळं दूध फेकून द्या. कामावर परत जायचं म्हणून मी २३ पिशव्या गोठवून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख. पंप करताना दात ओठ चावून काढलेलं दूध. एकेक पिशवी कापून सिंकमध्ये ओतली. गोठवल्याने बुरशी मरत नाही हे खरं, पण म्हणून ते दूध फेकलंच पाहिजे याला आधार नाही, हे नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना तसं सांगताना माझ्याकडे बघवत नव्हतं.

आणि आता ते ग्लास. याच्यावर मी रात्र-रात्र विचार केलाय.

तिने सांगितलं, सकाळी उठल्याउठल्या, चूळ न भरता, पाण्याच्या ग्लासात थुंका. थुंकीचे धागे खाली लोंबले तर कँडिडा, म्हणजे थ्रशची बुरशी, अंगात पसरलाय. माझे धागे लोंबले. घरच्यांचीही तपासणी करा म्हणाली. नवऱ्याचे लोंबले. सासूबाईंचे लोंबले. खिडकीत तीन ग्लास ओळीने ठेवलेले, मागून ऊन येतंय, आणि तिन्हींत अगदी सारखे पांढरे धागे. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, मला तर काहीच होत नाहीये.’ तिथेच, त्या क्षणी मला कळायला हवं होतं. दुखत असलेल्या बाईच्या आणि ठणठणीत बाईच्या ग्लासात एकच दिसत असेल तर त्या ग्लासाला काहीच कळत नाही! थुंकी चिकट असते, ती कुणाचीही लोंबते. मी उलटा अर्थ काढला. घरभर लागण झाली म्हणून बाळ बरं होत नाही, असं ठरवून पूर्ण कुटुंबाच्या किटचे ८,७५० भरले. सासूबाईंचं ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

शेवटचे १२,००० ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून घेतले, कसल्या तरी पुढच्या टप्प्यासाठी. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. अनामत शब्द आला की पैसे गेले.

बहिणीने हाताला धरून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाळाचं तोंड पाहिलं, मला तपासलं, आणि मग म्हणाल्या, ‘आता माझ्यासमोर पाजा.’ तोवर हे कुणीच सांगितलं नव्हतं. बाळाने सोडल्याबरोबर निपल कागदासारखं पांढरं पडलं, मग निळसर, मग लाल. म्हणजे दोन दुखणी होती. बुरशी होतीच, पण ती आतली कळ रक्तवाहिन्या आखडल्यामुळे होती, आणि बाळ पुरेसं आत धरत नसल्याने ती वाढत होती. त्यावर बुरशीचं कुठलंच औषध चाललं नसतं. त्यांनी उपचार सांगितले: बाळाला दूध पाजून झाल्यावर दिवसातून चार वेळा निस्टॅटिन, मला प्रत्येक पाजण्यानंतर बुरशीवरचं मायकोनॅझोलचं मलम पातळसं, पुढच्या वेळी वर उरलेलं पुसून घ्यायचं. चट्टे गेल्यावरही दोन दिवस थेंब थांबवायचे नाहीत. पंपाचे भाग रोज उकळायचे, पॅड ओले झाले की बदलायचे, पाजून झालं की लगेच कोरडा शेक आणि छाती झाकायची. पकड नीट बसवून दिली. (मायकोनॅझोलची तोंडात लावायची जेल आपल्या मनाने आणू नका, चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात ती अडकायची भीती असते.) दोन आठवड्यांत चट्टे गेले ते परत आले नाहीत. थंडीत डाव्या बाजूला अजून कळ येते.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘तुमचे फोटो आमच्याकडे जपून आहेत.’ बस, एवढंच.

बँकेत म्हणाले, तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात गेले, कडेवर बाळ. टेबलावरच्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘कुठल्या भागाचं मलम, मॅडम?’ मी सांगितलं. तो म्हणाला, पुरावा म्हणून ते फोटो छापून आणा, दोन प्रती! फोटोची धमकी आली म्हणून मी तक्रार करायला गेले होते आणि हे तेच फोटो कागदावर मागत होते. महिला अधिकारी मागितली तर सोमवारी या. सोमवारी ती रजेवर. मग सांगितलं, औषध आहे तर औषध खात्याकडे जा. औषध खात्याने डबी हातात घेतली, म्हणाले यावर औषध लिहिलेलंच नाही, हे प्रसाधन, आमच्याकडे येत नाही. घटक लिहिले नाहीत हाच गुन्हा नाही का, विचारलं तर लेखी अर्ज द्या. दिला. पोच मिळायला तीन फेऱ्या. पाकिटावरचा पत्ता खोटा निघाला तर म्हणाले, मग नोटीस कुठे पाठवू? हे मला विचारतात! बाळाला पाजायची वेळ झाली, बसायला जागा मागितली, तर जिन्याखाली बसा. मी जिन्याखाली बसले. तुम्हाला जायची वेळ आली तर मेसेज, पावत्या आणि पाकीट पहिल्या दिवशीच जपून ठेवा, डबी फेकू नका, आणि कुणीतरी सोबत न्या. फोटो छापून देऊ नका. धमकीचा मेसेज तेवढा द्या.

अर्जाला ५७ दिवस झाले. त्या बाईचं ऑनलाइन खातं सुरूच आहे, फोटोतला पांढरा कोटही तोच. परवा बहिणीने त्यांची जाहिरात दाखवली. खाली एका आईचा अनुभव म्हणून स्क्रीनशॉट लावलाय, नाव झाकलेलं. ‘तीन दिवसांत खूप फरक पडला, देवासारख्या भेटलात.’ काढून टाका म्हणून मी दोनदा लिहिलंय, दोन्ही वेळा उत्तर नाही. ते वाक्य तुमच्यासमोर आलं तर ते माझं आहे, आणि चौथ्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते त्यांनी कापलंय.