दुसरी ड्राइव्ह कोणती: हार्ड डिस्क की साटा एसएसडी?

डेस्कटॉप स्वतः जोडायचा ठरवला की प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडे जातात. स्टोरेजचा निर्णय मात्र यादी पुरी करायची म्हणून शेवटच्या दिवशी घेतला जातो. पहिल्या जोडणीत मीही तेच केलं, आणि पुढे चार वर्षं रोज जाणवत राहिलं ते नेमकं स्टोरेजच.

सिस्टमसाठी मदरबोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये चांगली एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, सगळ्यात वेगवान जातीची ड्राइव्ह) घ्यायची, यावर आता फारसं दुमत नाही. अडतं ते दुसऱ्या ड्राइव्हपाशी. घरातले फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग, जुन्या कामांच्या फाइली, हे सगळं ठेवायचं कुठे? एक मोठी साडेतीन इंची हार्ड डिस्क घ्यावी, की क्षमतेला थोडी मुरड घालून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे साटा या जुन्या, संथ जोडणीने केबल लावून जोडायची? आधी चार वर्षं माझ्याकडे हार्ड डिस्क होती, गेली दोन वर्षं एसएसडी आहे.

हार्ड डिस्कची बाजू कमकुवत नाही. तेवढ्याच पैशांत जागा कितीतरी जास्त मिळते. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तितक्या फेऱ्या घेणारी) डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला १५० ते २५० एमबी वेगाने वाचते, आणि फोरके व्हिडिओ बघायला त्यातला थोडासाच भाग लागतो. शिवाय चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून परत मिळण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. एसएसडीत ट्रिम चालू असतं, ते पुसलेली जागा लगेच मोकळी करून टाकतं, त्यामुळे तिथे फारशी आशा नसते.

घेताना एक मात्र तपासा. डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? या डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. थोडंथोडं लिहिताना हे कळत नाही, पण शेकडो जीबी एकदम टाकले की डिस्क रडकुंडीला येते. काही कंपन्या हे न सांगताच अशा डिस्क विकत होत्या, हे २०२० मध्ये उघडकीला आलं. तेव्हापासून मॉडेल नंबर टाकून खात्री केल्याशिवाय मी हार्ड डिस्क घेत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो.

विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये वीस मिनिटं वापर झाला नाही की हार्ड डिस्कची मोटर बंद होते. ऐकायला यात काही वावगं नाही. पण प्रत्यक्षात असं व्हायचं: मी सी ड्राइव्हवरच्या, म्हणजे एसएसडीवरच्या फाइलवर काम करतोय, डी ड्राइव्हशी माझा काही संबंध नाही. ‘सेव्ह ॲज’ दाबलं की खिडकी उघडता उघडता थबकायची. पडदा फिकट व्हायचा, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ यायचं. मग टेबलाखालून एक बारीक ‘टक्’, पाठोपाठ चढत जाणारी घरघर, आणि ती एका सुरात स्थिरावली की सगळं पुन्हा जागेवर. कारण साधं आहे. फाइलची खिडकी उघडताना प्रोग्राम सगळ्या ड्राइव्हांकडे एकदा डोकावतो, आणि त्यातली एक झोपलेली असेल तर ती जागी होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. मी घड्याळ लावून कधी मोजलं नाही, मनात मात्र आठ-नऊपर्यंत आकडे व्हायचे. दिवसातून दहा-बारा वेळा हे झालं की हातातलं काम निसटतं. हौसेने घेतलेली एनव्हीएमई त्या क्षणी असून नसल्यासारखीच.

यावर उपाय आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन डिस्क बंद होण्याची वेळ ‘नेव्हर’ करायची. मी केली, आणि थांबणं गेलं. पण डिस्क दिवसभर फिरू लागली आणि तिची कंपनं कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यात उतरली. दिवसा लक्षात येत नाही, रात्री घर शांत झालं की तेवढंच ऐकू येतं. पत्र्यावर तळहात दाबून धरला की गुणगुण थांबायची, काढला की पुन्हा सुरू. स्क्रूखाली रबरी वॉशर घातले, फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. कदाचित माझं कॅबिनेट हलकं असेल. जाड पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये तुम्हाला हा त्रास होणारही नाही. माझ्यापुरतं मात्र थांबणं किंवा गुणगुण, दोन्हींतलं एक पदरात पडणारच होतं.

साटा एसएसडी लावल्यावर दोन्ही गेलं. वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, साटाची मर्यादाच तेवढी. एनव्हीएमईच्या हजारोंच्या आकड्यांपुढे तो किरकोळ दिसतो, पण फोटोंच्या फोल्डरमध्ये महत्त्व त्या आकड्याला नसतं. हजारो लहान फाइली उघडताना हार्ड डिस्कच्या हेडला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते आणि दर उडीला आठ-दहा मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारं काही नाहीच. पूर्वी एखाद्या सहलीचं फोल्डर उघडलं की राखाडी चौकोन एकेक करून भरत जायचे. आता स्क्रोल करतो तिथे फोटो आधीच आलेले असतात. हेच फोल्डर एनव्हीएमईवर ठेवूनही पाहिलं. मला तरी डोळ्यांना फरक कळला नाही.

एसएसडीतही फसायला जागा आहे. माझी पहिली साटा एसएसडी क्यूएलसी निघाली. एका सेलमध्ये चार बिट ठेवणारी ही जात क्षमतेला स्वस्त पडते, पण लिहायला मूळची संथ असते आणि छोटी कॅशे (आधी लिहून घ्यायची वेगवान जागा) वेग तात्पुरता सावरते. जुना संग्रह कॉपी करायला लावला तेव्हा सुरुवात दणक्यात झाली. कॅशे भरल्यावर आकडा घसरत शंभर एमबीच्याही खाली आला, म्हणजे ज्या हार्ड डिस्कवरून कॉपी चालली होती तिच्याहून कमी. ती बदलून टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी) घेतली, तीही स्वतःची डीरॅम, म्हणजे वेगवान कामचलाऊ मेमरी, असलेली. एसएसडी लिहून लिहून संपेल ही भीती मात्र घरगुती वापरात बाळगू नका. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी असते. रोज ५० जीबी लिहिलं तरी वर्षाला १८ टीबीच्या आसपास होतं.

मग दुसरीही एनव्हीएमईच का नको? बोर्डावर स्लॉट मोकळा असेल तर जरूर घ्या, केबलींचा पसारा वाचतो. त्याआधी मॅन्युअलमधला स्टोरेजचा तक्ता बघा. अनेक बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. माझ्या बोर्डावर तो स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या खाली आहे. ड्राइव्ह बदलायची तर कार्ड काढा, मग तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू सांभाळा. साटाचं काम दोन केबलींत होतं, आणि कधी गरज पडली तर यूएसबी ॲडॅप्टर लावून ती ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर नेता येते.

तुमचा साठा ६-८ टीबीच्या पुढे असेल, कच्चे व्हिडिओ किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सांभाळायचं असेल, तर हार्ड डिस्कला अजून तोड नाही. सीएमआर घ्या आणि जमलं तर काम करता त्या खोलीबाहेरच्या मशीनमध्ये लावा. पण साठा दोन-चार टीबीत मावत असेल, आणि बहुतेक घरांत तो मावतो असं मला वाटतं, तर जरा जास्त पैसे घालून कॅबिनेटच्या आत फक्त एसएसडी ठेवा.

जुनी हार्ड डिस्क मी मोडीत काढलेली नाही. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर सेलमधला चार्ज झिरपत जातो, म्हणून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मला हार्ड डिस्कच बरी वाटते. दर रविवारी ती यूएसबी डॉकमध्ये लावतो, बॅकअप झाला की काढून ठेवतो. साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर लागतो. डॉक घेताना तो सोबत येतोय का, तेवढं बघून घ्या.