परीक्षेआधीची ताणमुक्ती: एक मोठा दिवस, रोजची पंधरा मिनिटं की कुलूपवाली पेटी?

डिसेंबर लागला की विद्यार्थी मंडळाची पोरं स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. "सर, या वर्षी स्ट्रेस-बस्टर डे करू या ना." गॅदरिंग आटोपलेलं असतं, प्रिलिम तोंडावर आलेली असते आणि बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. (2025 साली बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली, दहावीची 21 तारखेला.) मंडळाच्या खात्यात चार-पाच हजार उरलेले असतात आणि प्राचार्यांची मर्जी सांभाळून एखादा शनिवार मिळण्यासारखा असतो. एवढ्या भांडवलावर काय करायचं, असा तो सवाल.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि मंडळाची जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. वेगवेगळ्या वर्षी आम्ही हे सगळे प्रकार करून पाहिले. तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात हाच खल चालू असेल, तर आमच्या चुका वापरा, फुकट आहेत.

मोठा दिवस

आधी याची चांगली बाजू, कारण ती खरी आहे. मोठ्या दिवसाला मुलं जीव ओतून काम करतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा लिंबू-सरबताच्या स्टॉलवर बघता बघता फेरीवाला होतो. मेंदीचा कोपरा, कॅरम, रस्सीखेच, शेवटी स्पीकरवर गाणी. दोन-तीन तास कुणी टक्केवारीचं नाव काढत नाही. प्राचार्यांना फोटो मिळतात, संस्थेच्या अहवालात एक परिच्छेद वाढतो, पुढच्या वर्षी परवानगी सोपी जाते. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

पण खर्चाचा हिशोब मांडला की निम्मा पैसा साउंड आणि बॅनरवर गेलेला दिसतो. आणि आलं कोण? जे गॅदरिंगला येतात तेच. खेड्यावरून येणारी मुलं दुपारच्या एसटीला पळालेली असतात, कारण ती चुकली तर पुढची संध्याकाळी. ज्याला गर्दीच नको असते, तो त्या दिवशी गैरहजर राहतो. सर्वांत जास्त फायदा आयोजन करणाऱ्या पंधरा-वीस पोरांचा होतो. तो मी कमी लेखत नाही, पण मग त्या दिवसाला ‘सर्वांसाठी’ म्हणू नये.

आमचा मोठा दिवस माझ्या लक्षात राहिला तो फुग्यांमुळे. कल्पना मुलांचीच होती: आपल्या मनावरचा ताण चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी फुग्यात घालायची, फुगा फुगवायचा आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम फोडायचा. दिसायला झकास. शिट्टी वाजली, फटाफट आवाज झाले, आरडाओरडा, टाळ्या. मग सगळे वडापावच्या रांगेत गेले आणि मैदानभर रबराचे तुकडे आणि चिठ्ठ्या पडून राहिल्या. शिपाई मामा खराट्याने गोळा करत होते. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘फिजिक्स’, ‘मॅथ्स’, ‘सीईटी’, एकावर माझंच नाव. मामांनी एक चिठ्ठी वेगळी काढून माझ्या हातात दिली. निळ्या पेनने, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘घरी जायचं नाही’. खाली नाव नाही.

ती चिठ्ठी कुणाची होती ते आम्हाला कधीच कळलं नाही. सोमवारी आम्ही प्रत्येक वर्गात जाऊन समुपदेशक मॅडम कुठल्या वारी, कुठल्या खोलीत बसतात ते सांगितलं. चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. त्यापलीकडे हातात काही नव्हतं. मुलांना मन मोकळं करायला सांगून आम्ही स्वतः वडापाव खायला गेलो होतो. तेव्हापासून फुगे, ‘चिंता जाळा’ची शेकोटी असले खेळ मी मंडळाला करू देत नाही. मुलं मला रुक्ष म्हणतात, म्हणोत बापडी.

रोजची पंधरा मिनिटं

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट टोकाला गेलो. खर्च शून्य. मोठ्या सुट्टीतली पंधरा मिनिटं, एक रिकामी खोली, श्वासाचा सराव. यामागचं शास्त्र सरळ आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, म्हणजे घेताना चार आकडे आणि सोडताना सहा, तर शरीर शांत व्हायला मदत होते. पेपर हातात पडल्यावर बाकावर बसल्या बसल्या हे करता येतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवायची विपश्यनेतली साधना, तीही मुलांना नवी नाही. आपल्याकडच्या अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून ती घेतली जाते, त्यामुळे दोघा-तिघांना आधीपासून येत होती. त्यांनाच पुढे बसवलं.

तरी या पर्यायाबद्दल फार भाबडेपणा नको. ब्रिटनमध्ये ‘मिरियाड’ नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. 11 ते 14 वर्षांच्या आठ हजारांवर मुलांचा त्यात सहभाग होता. निम्म्या शाळांत वर्गातच सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले, बाकीच्यांत नेहमीचे तास चालू ठेवले. मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव जवळपास केलाच नव्हता. आमच्याकडे छोट्या प्रमाणावर हेच झालं. एका उत्साही सहकाऱ्याने हा सराव अकरावीला सक्तीचा केला आणि आठवड्याभरात मुलं डोळे मिटून एकमेकांना चिमटे काढायला लागली. ऐच्छिक होता तेव्हा तीसेक मुलं यायची, जानेवारीत बारा उरली. त्या बारा जणांना मात्र तो हवा होता. सुट्टीच्या दिवशीही खोली उघडून मागायची.

हास्यक्लबाचाही विचार झाला होता. 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी तो सुरू केला आणि आज गावोगावी सकाळी आजी-आजोबा हात वर करून हसताना दिसतात. सतरा वर्षांच्या पोरांना सांगून हसायला लावा, ती तुमच्यावर हसतात. तेही हसणंच म्हणा.

या प्रकारातली खरी बाब वेगळीच निघाली. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. वेळापत्रकात पीटीचा तास असतो. तो जातो कुठे? नोव्हेंबरनंतर आम्ही विज्ञानाचे शिक्षक ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून मागून घेतो. मीही घेतला आहे. मंडळाच्या एका मुलीने स्टाफ मीटिंगसाठी अर्ज दिला: आम्हाला ताणमुक्तीचा वेगळा कार्यक्रम नको, आमचा पीटीचा तास परत द्या. एका ओळीचा अर्ज, शून्य रुपये. सगळ्या पर्यायांत मला हा अर्ज सर्वांत पसंत आहे, आणि तो वाचताना मान सर्वांत खाली माझीच होती.

झोपेचंही तसंच. 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला क्लास, रात्री अकराला टेस्ट सिरीज, आणि मधल्या शनिवारी आम्ही ‘झोपेचं महत्त्व’ पोस्टर स्पर्धा ठेवतो! पोस्टर रंगवायला मुलं रात्री जागतात. मंडळाला काही करायचंच असेल तर सगळ्या विषयांच्या टेस्ट एकाच आठवड्यात येऊ नयेत एवढं शिक्षकांकडून मान्य करून घ्या.

व्याख्यान

हा पर्याय थोडक्यात आवरतो. तज्ज्ञांना बोलवायचं असेल तर आधी एकच विचारा: भाषणानंतर तासभर वेगळ्या खोलीत बसाल का? हो म्हणाले तर बोलवा. नाही म्हणाले तर श्रीफळ-शालीचा खर्च वाचवा.

पेटी आणि ऐकणारी मुलं

पेटीचा पर्याय आम्ही त्या निळ्या चिठ्ठीमुळे सुरू केला. लोखंडी पत्रपेटी, तिला कुलूप, किल्ली एका मॅडमकडे. जोडीला मंडळाची आठ मुलं, ज्यांचं काम ऐकणं.

याला आधार आहे, आणि तो आपल्या शेजारून आलेला आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सुमारे 75 सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. 2018 मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात भित्तिपत्रक होतं, तक्रारपेटी होती, मुलांचा गट होता, परिपाठाला चर्चा होती आणि लागेल त्याला एकांतात बोलायची सोय होती. काही शाळांत हे काम प्रशिक्षण दिलेल्या पण पदवीधर समुपदेशक नसलेल्या खास माणसाने केलं, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी केलं तिथे फरक पडला नाही. शिक्षक म्हणून हे वाचायला गोड नाही. पण कारण कळतं: जो तुमचे प्रॅक्टिकलचे मार्क देतो, त्याच्यापुढे मन कसं मोकळं करणार? आणि त्यालाही वेळ कुठे असतो?

धोका याच पर्यायात सर्वांत जास्त आहे, म्हणून इथे घाई नको. ऐकणारी मुलं म्हणजे समुपदेशक नव्हेत. आम्ही त्यांना तीनच गोष्टी शिकवल्या. सल्ला द्यायचा नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. आणि जीव नकोसा झाल्याचं, मारहाणीचं, कुणी अंगचटीला आल्याचं कानावर पडलं तर त्याच दिवशी मॅडमना गाठायचं. शेवटचं कलम मोठ्यांसाठी तर कायद्याचंच आहे. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावं लागतं. ‘संस्थेचं नाव’ ही सबब तिथे चालत नाही. म्हणून ज्या शाळेत चिठ्ठी वाचून पुढे काही करणारा माणूस नाही, तिथे पेटी लावूच नका.

तो माणूस मागायला मुलांना आता आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितलं की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. हेल्पलाइनचे क्रमांकही ठळक दिसतील असे लावायचे आहेत. सरकारचा ‘टेली-मानस’चा क्रमांक 14416, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. आम्ही तो नोटीस बोर्डावर लावला होता, तिथे कुणी थांबून वाचेना. कारण वाचताना चार जण बघतात. मग मंडळाच्या मुलींनी तो स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवला. हे आम्हा मोठ्यांना सुचलं नसतं.

मग निवडायचं काय?

हातात एकच महिना असेल आणि समुपदेशक नसेल, तर पीटीचा तास परत मिळवा, 14416 दारांना आतून लावा, ऐच्छिक पंधरा मिनिटं सुरू करा. यात काही बिघडण्यासारखं नाही. समुपदेशक असेल आणि जून-जुलैत सुरुवात करणार असाल, तर पेटी. डिसेंबरात सुरू केलेल्या पेटीवर कुणाचा विश्वास बसत नाही, तिला सत्र लागतं. मोठा दिवस करायचाच असेल तर करा, पण साउंडचा खर्च निम्मा करा, वेळ एसटीच्या आत संपवा आणि समुपदेशक मॅडमना मंचावर न बसवता एका स्टॉलवर बसवा, कॅरमच्या शेजारी. मुलं खेळता खेळता ओळख करून घेतात, मग नंतर त्या खोलीचं दार अनोळखी वाटत नाही. सरकारने ‘आनंददायी शनिवार’ पहिली ते आठवीला दिला आहे. नववीपासून पुढे, जिथे गळ्याशी येतं, तिथे शनिवार तुम्हालाच मागून घ्यावा लागेल.

आमच्या पेटीचं पुढे काय झालं तेही सांगतो. पहिले तीन आठवडे ती रिकामी. एकदा चॉकलेटचा कागद निघाला. चौथ्या आठवड्यात पाच चिठ्ठ्या आल्या आणि मॅडमनी धडधडत्या छातीने उघडल्या. पाचही एकाच गोष्टीबद्दल: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुसऱ्या दाराला आतून कडी नाही, एकीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. मामांनी त्याच दुपारी बाजारातून कडी आणून बसवली. मॅडमनी नोटीस बोर्डावर एवढंच लिहिलं, ‘कडी बसवली आहे.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात पेटीत अकरा चिठ्ठ्या होत्या, आणि त्यातल्या दोन घडी घालून स्टेपल केलेल्या.