आवाज सुधारण्यासाठी नऊ महिने केलेला सराव: स्ट्रॉ, मोठ्याने वाचन आणि टोस्टमास्टर्स, माझा अनुभव

हे खरं तर दिवाळीतच लिहायचं होतं पण म्हटलं थांबू, चार-पाच महिन्यांतच लिहिलं तर नुसता उत्साहच उतरेल त्यात. आता जून ते फेब्रुवारी असे नऊ महिने झालेत, मध्ये दोनदा सराव सुटला, एकदा घसा पूर्ण बसला, पैसे पण गेले थोडे, त्यामुळे काय चाललं नि काय नाही हे नीट सांगता येईल असं वाटतं.

आधी माझा प्रॉब्लेम सांगते. मी पुण्यात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघते. दिवसभर फोन, पंधरा-वीस तरी क्लायंट. लहानपणापासून सगळ्यांचं एकच, ‘अगं मोठ्याने बोल, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस’. शाळेत १ ऑगस्टला टिळकांवरचं भाषण पाठ करून नेलं होतं, ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपर्यंत नीट झालं आणि पुढे मागच्या रांगेतून ‘ऐकू येत नाही’ असा आवाज आला की बस, जे थांबले ते थांबलेच. त्यानंतर कधी माइक हातात धरला नाही. लग्नात उखाणा घेताना सुद्धा सासूबाईंच्या कानात सांगितल्यासारखा घेतला.

पण चटका बसला तो मागच्या एप्रिलमध्ये. मार्च महिन्याचं थ्रीबी (जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र) रिटर्न भरायची शेवटची तारीख २० एप्रिल, दोन दिवस आधी मी एका क्लायंटला फोन करून सांगितलं की तुमचं चलन अजून भरलेलं नाहीये, म्हणजे कराचे पैसे अजून जमा झालेले नाहीत. त्यांनी ‘बरं बरं ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. २० तारखेला लेक तापाने फणफणलेली म्हणून मी रजेवर, ऑफिसात सगळे समजून चालले की मी पाठपुरावा केलाय, आणि रिटर्न गेलं थेट २४ ला. दिवसाला ५० प्रमाणे २०० रुपये लेट फी आणि वर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. रक्कम मोठी नव्हती पण ते काका ऑफिसात येऊन शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही भरलेलं आहे म्हणालात ना.’ मी म्हटलं नाही हो काका, ‘नाहीये’ म्हटलं होतं. ऑफिसच्या फोनवर कॉल रेकॉर्ड होतात, सरांनी लावून ऐकवलं. ‘तुमचं चलन अजून भरलेलं’ आणि पुढे नुसतं खर्रर्र. ‘नाहीये’ ऐकूच येत नव्हतं.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझा आवाज बारीक आहे वगैरे हा मुद्दाच नाही. वाक्याची सुरुवात माझी बरी असते, शेवट मी गिळते. आणि आपल्या मराठीत सगळा जीव शेवटच्या शब्दात असतो हो! केलंय की केलं नाही, येणार की येणार नव्हते, द्यायचेत की दिलेत, सगळं शेवटी. तोच गेला तर समोरच्याला उलटंच ऐकू जातं. हे कोणी मला पस्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं, सगळे फक्त ‘मोठ्याने बोल’ म्हणायचे आणि मग मी सुरुवातच अजून जोरात करायची, शेवट होता तिथेच.

मग काय, घाईघाईत एक ऑनलाइन कोर्स घेतला, ४,९९९ रुपये. नाव घेत नाही. आठ दिवसांत दमदार आवाज आणि आत्मविश्वास असं होतं. त्यात हनुवटी खाली दाबून घशातून जाड आवाज काढायला सांगायचे आणि आरशासमोर ओरडून ‘मी कॉन्फिडंट आहे’ म्हणायचं. पाचव्या दिवशी घसा इतका बसला की घरात खुणांनी बोलत होते, आणि मी कुजबुजून काम चालवलं, ते तर अजूनच वाईट, कुजबुजल्याने घशाला आराम मिळत नाही हे नंतर कळलं. पैसे परत मिळाले नाहीत. कोणी घशातून ओढून आवाज जाड करायला सांगत असेल तर करू नका, एवढं कळकळीने सांगते.

तीन आठवडे झाले तरी खरखर जाईना म्हणून कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीने घसा बघितला, गाठी वगैरे काही नव्हत्या, स्वरतंतूंना जरा सूज होती. त्यांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मला वाटायचं स्पीच थेरपी म्हणजे लहान मुलं उशिरा बोलायला लागतात त्यांच्यासाठी, किंवा पॅरॅलिसिस झालेल्यांसाठी. तसं नाहीये, शिक्षक, गायक, कॉल सेंटरवाले असे खूप लोक येतात. सहा सेशन घेतली, प्रत्येकी ७०० रुपये. या सगळ्या प्रकरणात सर्वात सत्कारणी लागलेले पैसे हेच.

त्या बाईंनी पहिल्याच दिवशी पाण्याचा अर्धा ग्लास आणि एक रबरी नळी हातात दिली. नळीचं टोक पाण्यात बोटाच्या एका पेराएवढंच बुडवायचं, दुसरं टोक ओठांत घट्ट धरायचं आणि ‘ऊऊ’ असा आवाज काढत फुंकायचं, पाण्यात बुडबुडे येत राहतात. मग आवाज हळूहळू खालून वर, वरून खाली न्यायचा, जिन्यावरून चढल्या-उतरल्यासारखा. ऐकायला पोरखेळ वाटतो पण त्यामागे कारण आहे. बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषांचे १०० ते १२० वेळा. तोंड नळीने अडवलं की बाहेर जाणाऱ्या हवेचा थोडा दाब मागे येतो आणि तंतू एकमेकांवर जोरात न आदळता हलके हलतात, म्हणजे व्यायाम होतो पण घासाघीस होत नाही. फिनलंडमध्ये काचेच्या नळ्या वापरून हे फार पूर्वीपासून करतात आणि अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी साध्या स्ट्रॉने करायची पद्धत जगभर लोकप्रिय केली. आई (सासूबाई) बघून म्हणाल्या, अगं हे तर आम्ही लहानपणी पपईच्या पानाचा देठ घेऊन करायचो. त्यांना भ्रामरी येते, त्या शेजारी बसून गुंजारव करतात, मी बुडबुडे काढते, असं आमचं रोज सकाळी चालतं.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, प्लास्टिकचे स्ट्रॉ २०२२ पासून बंद आहेत आणि कागदी स्ट्रॉ दोन मिनिटांत मऊ पडतो. स्टीलचा चालतो पण दातावर लागतो. रबरी किंवा सिलिकॉनची नळी बेस्ट, रोज धुवायची मात्र, आतून बुळबुळीत होते.

फरक कधी पडला? पहिले तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की संध्याकाळी सहाला जो घसा दुखायचा तो दुखत नाहीये. दीड महिन्यात घसा खाकरायची सवय बरीच गेली. खाकरण्याऐवजी एक घोट पाणी प्या, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आता बाटली टेबलावरून हलत नाही. पण हेही खरं की नळीने फक्त घसा सुधारतो. भीती जात नाही आणि शब्द गिळायची सवयही जात नाही.

शब्द गिळण्यावर उपाय वेगळा होता आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला. वाक्य शेवटाकडून बांधायचं. म्हणजे असं:

नाहीये.
भरलेलं नाहीये.
अजून भरलेलं नाहीये.
तुमचं चलन अजून भरलेलं नाहीये.

शेवटचा शब्द आधी नुसता, पूर्ण श्वासावर म्हणायचा, आणि मग मागे एकेक शब्द जोडत जायचं, पण तो शेवटचा शब्द पहिल्या वेळी जितका स्पष्ट होता तितकाच राहिला पाहिजे. चौथ्या ओळीला माझा हमखास पडायचा. बाई म्हणाल्या, तुमचा श्वास संपलेला असतो आणि तुम्ही वाक्य तसंच ढकलता, स्वरतंतूंना हवाच पुरत नाही म्हणून खर्रर्र होतं. वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेतला तर चालतं हे मला माहीतच नव्हतं हो, मला वाटायचं थांबलं की समोरचा तोडून टाकेल.

मग रोज रात्री पंधरा मिनिटं पेपर मोठ्याने वाचायला लागले, पेन्सिलने श्वासाच्या खुणा करून. अग्रलेखाची वाक्यं लांबलचक असतात, दम काढतात, त्याने सराव चांगला होतो. लेक तिसरीत आहे, ती शेजारी बसून शेवटचा शब्द ऐकू आला नाही की टिचकी मारायची. पहिल्या आठवड्यात एका परिच्छेदात नऊ-दहा टिचक्या, ऑक्टोबरपर्यंत एखाद-दुसरी. मोबाईलवर रेकॉर्ड पण करते. स्वतःचा आवाज ऐकून पहिल्यांदा रडायला आलं होतं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो म्हणून तो भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो, म्हणून पातळ वाटतो. सगळ्यांनाच वाटतो. दहा-बारा दिवस रोज ऐकलं की ते परकेपण जातं.

आता टोस्टमास्टर्स. चारचौघांत बोलायचा सराव करायला जमणाऱ्यांच्या क्लबांची ही संस्था अमेरिकेत १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी सुरू केली, आता जगभर क्लब आहेत, पुण्यातही बरेच. मी ज्या क्लबात जाते तिथे इंग्रजी-मराठी दोन्ही चालतं, दर रविवारी सकाळी दोन तास. फी दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरला. पाहुणे म्हणून आधी फुकट जाऊन बसता येतं, मी तीन वेळा नुसती बसून आले.

तिथे एक ‘टेबल टॉपिक्स’ म्हणून प्रकार असतो, विषय तिथल्या तिथे देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. एका मिनिटाला हिरवा, दीडला पिवळा, दोनला लाल दिवा. मला पहिल्यांदा विषय आला ‘पहिला पाऊस’. पाय लटलटत होते, तोंडाला कोरड, ४० सेकंदांत खाली बसले, हिरवा दिवा सुद्धा बघितला नाही. आणि तरी टाळ्या वाजल्या. एकजण बसून सगळ्यांचे ‘अ‍ॅ’, ‘म्हणजे’, ‘आपलं ते’, ‘काय आहे ना’ मोजतो आणि शेवटी वाचून दाखवतो. माझे त्या ४० सेकंदांत ‘म्हणजे’ सात! जानेवारीत पूर्ण दोन मिनिटांत दोन. ते पहिलं चार ते सहा मिनिटांचं भाषण असतं ना, स्वतःची ओळख करून देणारं, ते मी सप्टेंबरमध्ये केलं आणि त्यात त्या चलनाचीच गोष्ट सांगितली, शेवटचं ‘नाहीये’ मागच्या भिंतीपर्यंत गेलं असं एका काकांनी सांगितलं.

तक्रारी पण आहेत. बरेच जण फार गोड फीडबॅक देतात, ‘खूप छान, अजून आय कॉन्टॅक्ट ठेवा’, त्यातून शिकायला काही मिळत नाही, नीट सांगणारे दोघं-तिघंच. स्पर्धांचे दिवस आले की सगळा क्लब त्यातच. आणि काही जण घरी पण स्टेजवर असल्यासारखे हात हलवून बोलतात, ते मला नको होतं. आवाजाच्या आरोग्याबद्दल तिथे कोणी काही शिकवत नाही, ते थेरपिस्टचंच काम. ज्यांना रविवार मोकळा मिळत नाही त्यांनी फी भरून पैसे वाया घालवू नका, महिन्यातून एकदा जाऊन उपयोग होत नाही.

खरी परीक्षा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत झाली. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तर शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून होती, वर पंखे घरघरत होते. हिशोबात सिंकिंग फंडाच्या (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेले पैसे) व्याजाची नोंद दिसत नव्हती. दरवर्षी मी घरी येऊन ह्यांना सांगते आणि विषय संपतो. यावेळी उभी राहिले. उभं राहिल्यावर आधी श्वास पूर्ण बाहेर सोडला, मग घेतला, मग बोलले. दुसऱ्या वाक्यालाच एक काका म्हणाले, ‘वहिनी, ते आपण नंतर बघू, बसा तुम्ही.’ छातीत धडधड होत होती, ती नऊ महिन्यांनंतर आजही होते, ती जात नाही. पण मी बसले नाही. म्हटलं, ‘काका, माझं वाक्य पूर्ण होऊ दे. व्याजाची रक्कम पान चारवर दाखवलेली नाही.’ ‘नाही’ वर थांबले. कोणी काही बोललं नाही दोन सेकंद आणि मग खजिनदारांनी पान उघडलं. नोंद खरंच राहिली होती, पुढच्या महिन्यात दुरुस्त करून पत्रक लावलं. ह्यांनी खालून हळूच पाण्याची बाटली पुढे केली ते मला कायम लक्षात राहील.

नोव्हेंबरमध्ये लग्नं, पाहुणे यात तीन आठवडे सराव बंद पडला आणि डीजेच्या आवाजात ओरडून बोलल्याने घसा परत गेला. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच हे दाखवून दिलंय. त्यामुळे आता लग्नात बोलायचं तर जवळ जाऊन बोलते, नाहीतर बाहेर घेऊन जाते.

कोणी करावं? ज्यांचं बोलणं समोरच्याला दोनदा विचारावं लागतं त्यांनी वाचन आणि ते शेवटाकडून वाक्य बांधणं आजच सुरू करा, एक रुपया लागत नाही. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, यूट्यूब नंतर.

मी क्लबची फी एप्रिलमध्ये परत भरणार आहे. नळी चालू आहे. फोनवर क्लायंटला आता शेवटी ‘काका, काय करायचंय ते मला एकदा सांगा बरं’ असं म्हणते, म्हणजे पोचलं की नाही कळतं, त्या एप्रिलवाल्या काकांना तर दर महिन्याला. एक अजून जमलेलं नाही, सरांच्या केबिनमध्ये गेले की आवाज आपोआप वर चढतो, बारीक होतो, पगारवाढीचं बोलायचं तर जास्तच. थेरपिस्टना विचारलंय, त्या म्हणाल्या पुढच्या सेशनला सरांशी बोलायची चार वाक्यं लिहून आणा. तीन लिहून झालीत.