फाइलच्या नावातली विशेष चिन्हे: बॅकस्लॅश की एकेरी अवतरण?

समजा बॅशमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच एक शेल) फाइलचे नाव आहे: जमा खर्च (मार्च) & बाकी. नुसते टाइप केले तर कंसापाशीच सिंटॅक्स एरर येते.

बॅकस्लॅश फक्त पुढच्या एका चिन्हाचा खास अर्थ काढून घेतो. म्हणून इथे सात लागतात:

जमा\ खर्च\ \(मार्च\)\ \&\ बाकी

& च्या आधीचा एक राहिला, तर कमांड तिथेच तुटून बॅकग्राउंडला जाते आणि शेल उरलेला तुकडा वेगळी कमांड म्हणून शोधू लागतो. मात्र टॅब दाबून नाव पूर्ण करून घेतले, तर बॅश हे बॅकस्लॅश स्वतःच घालतो.

हाताने लिहायचे असेल तर एकेरी अवतरणच बरे:

'जमा खर्च (मार्च) & बाकी'

आत $, *, ! आणि खुद्द बॅकस्लॅशसुद्धा जसेच्या तसे राहतात. (दुहेरी अवतरणात $ चा खास अर्थ चालूच राहतो.) अडचण एकच: आत एकेरी अवतरण बसत नाही. नाव राम's यादी असेल तर बंद करा, \' लिहा, पुन्हा उघडा: 'राम'\''s यादी'. इथे बॅकस्लॅशच सुटसुटीत: राम\'s\ यादी. अवतरणात * चा विस्तारही (त्याच्या जागी जुळणारी सगळी नावे येणे) होत नाही, म्हणून तो बाहेर ठेवा: 'जमा खर्च'*. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणे शेल ओळखत नाही.

नाव - ने सुरू होत असेल तर दोन्ही उपाय निकामी, कारण ते ऑप्शन (कमांडचे वागणे बदलणारी सूचना) आहे असे शेल नव्हे, कमांड समजते. तिथे नावाआधी ./ लावा.